बाटलीतली माणसं

मंगळवार. कंपूतल्या दवाखान्याचा दुसरा मजला.
सिस्टर मर्सी बाटली आधी तळहातांत धरून बसते,
तिची थंडी जाईपर्यंत.
हलवायची नाही म्हणते, फेस येतो.
मग थेंब. इतके सावकाश
की दोन थेंबांच्या मध्ये विचारता येतं:
तुम्ही कोण?

एकेका बाटलीत हजारो लोक असतात म्हणे.
कुणाचं काय, ते कुणालाच ठाऊक नाही.
मग मीच ठरवते:
लहानपणी गोवर निघालेला एक ट्रकवाला,
जिच्या ब्लाउजची बाही वर सरकेना अशी एक मास्तरीण,
नुसत्या बिस्किटांसाठी रांगेत राहिलेलं
कॉलेजातलं एक पोरगं.
या. दाटीवाटीनं या.
दर खेपेला सहा बाटल्या, जागा आहे.

काल रात्री विश्वजित तुम्हाला दिल्लीहून घेऊन आला,
मांडीवर बर्फाची पेटी.
आग्र्याला शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं,
आइस्क्रीम है क्या?
हा हो म्हणाला. काय सांगणार?

पहिली नऊ दिवस होती.
हळद लावल्यासारखी,
आणि सुईच्या टोचीतून रक्त थांबेना.
मनगटाच्या पट्टीवर 'बेबी ऑफ केतकी',
त्याहून वेगळं नाव तिला मिळालं नाही.
खालच्या ओठाच्या आतून तिळाएवढा तुकडा काढला,
काचेवर तो निळा झाला.
लोह, म्हणाले. जिथं असू नये तिथं.
धड दूधही न लागलेल्या ओठात
लोह.

घरी येऊन मी गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजली.
सासूबाईंनी लोखंडी कढई माळ्यावर टाकली,
आणि काय काय खाल्लं होतंस, ते विचारलं.
कढईचा दोष नव्हता. गोळ्यांचाही.
माझ्याच रक्तातले पहारेकरी
वार ओलांडून पलीकडे गेले होते
आणि तिच्या इवल्या यकृताला म्हणाले होते, तू परकं.
मला वाचवायला निघाले होते बिचारे.

"कसूर किसी का नहीं," डॉक्टर भदौरिया म्हणाल्या,
"पर दस में नौ बार फिर होगा।
अगर पहले से न रोकें।"
त्या 'अगर'वर
मी दोन वर्षं राहिले.

मग चौदावा आठवडा. सोळावा.
अठराव्यापासून दर मंगळवार.
आधी गाडी गेली. मग सासूबाईंनी
मोरीत साबण लावून पाटल्या उतरवल्या,
ओट्यावर ठेवल्या आणि
कणीक मळायला घेतली.
या वेळी काही विचारलं नाही.

आज एकतिसावा.
दुपारी डोकं ठणकतं, अंगात कणकण येते,
तुमच्यातल्या कुणाचा तरी जुना ताप असेल.
खिडकीतून किल्ला दिसतो, उन्हानं पांढरा पडलेला.
एवढे बुरूज, एवढे दरवाजे,
आणि माझं सगळं भागतं गर्दीवर:
तुम्ही इतके जण एकदम आत शिरता
की पहारेकऱ्यांना माझ्या लेकराचं दार सापडत नाही.
असंच होतं का, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही.
पण होतं म्हणतात.

बाळ आलं की लगेच त्याचं रक्त तपासतील.
गरज पडली तर तुमच्यातले काही त्याच्याकडेही जातील,
बाटली आधीच सांगून ठेवली आहे.
नाव ठरवलेलं नाही.
विश्वजितनं एक कागदावर लिहून खिशात ठेवलंय,
मी पाहिलं नाही असं त्याला वाटतं.

पाच वाजले. सहावी बाटली.
तळाशी जरासं उरतं नेहमी.
मर्सी स्टँडवरून ती काढते, वाकडी धरते,
दिव्यासमोर नेऊन बघते,
अजून एक थेंब,
अजून एक.
कुणालाच मागे ठेवत नाही.